राखलेला माळ

चित्त्याच्या शिकारीचे एक जुने छायाचित्र मी पहिल्यांदा पाहिले ते महाद्वार रोडच्या एका फ्रेमवाल्याच्या दुकानात. कोणीतरी काच बदलायला टाकले होते. बैलगाडीवर चित्ता बसलेला, डोळ्यांवर कातडी झापड, शेजारी फेटा बांधलेला चित्तेवान, आणि मागे नजर पोहोचेल तिथवर उघडा माळ. माझे वय तेव्हा तिशीच्या आतले. मी एका सहकारी संस्थेत हिशेब लिहीत होतो आणि उरलेल्या वेळात करवीर नगर वाचन मंदिरात बसून जुनी गॅझेटियरे वाचायचा नाद लागला होता. इतिहास मी कुठल्या वर्गात शिकलेलो नाही. चुकत, धडपडत शिकलो. त्या छायाचित्रात मला कितीतरी वर्षे चित्ताच दिसत राहिला. मागचा माळ दिसायला फार उशीर लागला. हा लेख त्या माळाबद्दल आहे.

आधी चित्त्याचे थोडक्यात सांगतो, कारण कोल्हापूरकराला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. राजर्षी शाहू महाराज आणि त्यांच्यानंतर राजाराम महाराज यांच्या काळात कोल्हापूर हे चित्ते पाळणाऱ्या मोजक्या संस्थानांपैकी एक होते. दुसरे मोठे नाव भावनगरचे. हिंदुस्थानातला चित्ता तोवर इतका विरळ झाला होता की ही जनावरे आफ्रिकेतून मागवावी लागत. १९१८ ते १९४५ या काळात अशी सुमारे दोनशे जनावरे संस्थानिकांनी आणली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. चित्ता चारपायीला बांधून ठेवायचा, माणसांच्या वर्दळीला सरावू द्यायचा, मग झापड घालून गाडीवर बसवून माळावर न्यायचा. काळवीट माणसाला बुजते, पण बैलगाडी त्याच्या रोजच्या ओळखीची. त्यामुळे गाडी कळपाच्या बरीच जवळ जाऊ शके. झापड काढली की पुढचा खेळ काही क्षणांचा. चित्त्याने काळवीट पाडले की चित्तेवान धावत जाई, लाकडी पळ्यात रक्त धरून त्याच्यापुढे करी, आणि तो त्यात गुंतला की सावज काढून घेई.

यात एक साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. चित्ता आफ्रिकेतून आणता येतो. माळ आणता येत नाही. काळविटांचे कळप जिथे निर्धास्त चरतात, जिथे चित्त्याला सरळ धाव घेता येते, गाडी कळपापर्यंत जाते, असे रान आधी हाताशी असावे लागते. नांगर त्यात शिरू द्यायचा नाही, फासे लावू द्यायचे नाहीत, गवत पूर्ण संपू द्यायचे नाही. म्हणजे माळ राखावा लागतो. संस्थानी काळात तो हुकमाने राखला जाई. शिकारीसाठी राखलेले जनावर पिकात शिरले तर कुणब्याने ते मारायचे नाही, ही तक्रार त्या काळी हिंदुस्थानातल्या किती संस्थानांतून होत होती याचा हिशेब नाही. राखण दरबाराची, नुकसान रयतेचे. शाहू महाराजांनी फासेपारध्यांना जवळ केले, कामे दिली, वस्तीला जागा दिली, हे सर्वांना माहीत आहे, आणि त्याचे मोठेपण समाजसुधारणेच्या अंगाने सांगितले जाते. मला त्याला आणखी एक बाजू दिसते: माळ आणि त्यावरचे जनावर ज्याला सर्वांत जास्त ठाऊक, त्या माणसाला हाकलून न देता कामावर घेतले गेले. ही गोष्ट पुढच्या शंभर वर्षांत माळ राखायला निघालेल्या बहुतेकांना जमली नाही.

माळ म्हणजे काय, हा प्रश्न कोल्हापुरात बसून नीट कळत नाही. आमच्या पश्चिमेला गगनबावडा. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटरवर सांगली जिल्ह्यातले आटपाडी. तिथे पाचशेसुद्धा नाही. सह्याद्रीने ढग अडवले की पलीकडे जे उरते त्याला आपण दुष्काळी भाग म्हणतो. माणदेश, जत, सांगोला, सोलापूर, कर्जत हा सगळा पट्टा त्यातला. मुरमाड जमीन, अधूनमधून बाभूळ, हिवर, बोर, तरवड, आणि पावसाळ्यानंतर कंबरभर वाढून जानेवारीपर्यंत पिवळे पडणारे गवत. पवन्या, मारवेल, शेडा, कुसळी ही त्याची नावे आता मेंढक्यालाच सांगता येतात. उन्हाळ्यात पाहणाऱ्याला वाटते, इथे काही नाही.

‘इथे काही नाही’ हे मत कागदावर आणले इंग्रजी राजवटीने. मराठी दप्तरात कुरण हा मानाचा शब्द होता. पागेची घोडी ज्यावर जगत, ते गवत राखणे हे राज्याचे काम होते. इंग्रजी महसुलाच्या वहीत मात्र ज्या जमिनीवर सारा बसत नाही ती पडीक, आणि ज्या पडिकावर झाड नाही ती बिघडलेली. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर अशी पुष्कळ राने सरकारी जंगलात गेली. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या खात्यावर किती संतापाने लिहिले आहे ते मूळातून वाचावे, डोंगर आणि गायराने बंद झाल्यावर चार शेळ्यामेंढ्यांच्या आधाराने जगणारा अल्पभूधारक कसा उघड्यावर पडला, हा त्यांचा मुद्दा पर्यावरणाच्या आजच्या चर्चेतही कोणी पुसू शकलेले नाही. १९३० साली आमच्या शेजारच्या शिराळा तालुक्यात बिळाशीला जंगल सत्याग्रह झाला, त्याच्या मुळाशीही हेच दुखणे होते. रान सरकारचे झाले म्हणजे ते गावाचे राहिले नाही, आणि गावाचे राहिले नाही म्हणजे ते राखायची जबाबदारीही गावावर राहिली नाही.

पण माळ ही खरोखरच बिघडलेली जमीन आहे काय? इथे कधीकाळी घनदाट अरण्य होते, माणसाने ते तोडले, मेंढरांनी चरून संपवले आणि उरला तो माळ, अशी समजूत आपल्या पाठ्यपुस्तकांपासून पुढाऱ्यांच्या भाषणांपर्यंत सगळीकडे आहे. मीही ती वर्षानुवर्षे बाळगली. ती समजूत डळमळीत करणारा एक अभ्यास २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी प्रसिद्ध केला. साहित्याच्या वाचकाने तो मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे, कारण त्याचा पुरावा आपल्या जुन्या मराठीतूनच काढलेला आहे. लीळाचरित्रासारखे तेराव्या शतकापासूनचे गद्यग्रंथ, ओव्या, कथा, स्थळमाहात्म्ये यांत पश्चिम महाराष्ट्रातल्या ठिकाणांच्या संदर्भात कोणत्या रानझाडांचा उल्लेख येतो, हे त्यांनी वेचून काढले. ४४ जातींपैकी सुमारे दोन-तृतीयांश जाती उघड्या, गवताळ, काटेरी रानाच्या ओळखीच्या निघाल्या. निखळ अरण्याच्या म्हणाव्या अशा तीनच. चक्रधरस्वामी ज्या वाटांनी फिरले त्या वाटांवर आजच्यासारख्याच बाभळी होत्या, असा त्याचा अर्थ. संतकवींनी आणि महानुभावांनी अजाणता लिहून ठेवलेली ही झाडांची मोजणी मला कोणत्याही गॅझेटियरपेक्षा मोलाची वाटते.

आणि एवढा पुरावा नसता तरी जनावरे सांगतच होती. काळवीट, लांडगा, खोकड, माळढोक, तणमोर यांची शरीरे उघड्या रानासाठी घडलेली आहेत. दोनतीनशे वर्षांपूर्वी इथे जर अरण्य असते तर ही मंडळी आली कुठून?

आता माझी स्वतःची चूक सांगतो. १९८०च्या दशकात मी कॉलेजात असताना आम्हा मुलांचे श्रमदानाचे शिबिर एका गावाच्या गायरानात भरले होते. गावाचे नाव देत नाही. दहा दिवस आम्ही खड्डे काढले आणि सुबाभूळ लावली. त्या काळी सुबाभूळ म्हणजे कल्पवृक्ष होता. सगळीकडे तेच रोप. तिसऱ्या दिवशी एक म्हातारे धनगर आपली बकरी घेऊन आले. आमच्याकडे मेंढरांना बकरीच म्हणतात. आम्ही गोंगाट करून त्यांना वाटेवरूनच परत लावले, आणि आपण फार मोठे राष्ट्रकार्य केले असे मानून रात्री गाणी म्हटली. म्हातारे भांडले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, “झाडं लावा की पोरांनो, पर बकरी कुठं न्यायची ते बी सांगा.” त्या गायरानात आज सुबाभळीची दाट जाळी आहे, खाली गवताची काडी नाही. मागे पाहायला गेलो तेव्हा तिथे कोंबडीच्या पिसांचा कचरा टाकलेला होता.

हे मनात ठेवून मी सागरेश्वराकडे बघतो, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल माझे मत सरळ होत नाही.

सागरेश्वर कोल्हापूरपासून काही फार लांब नाही. कडेगाव, पलूस आणि वाळवा हे सांगली जिल्ह्यातले तीन तालुके जिथे मिळतात तिथल्या डोंगरांवर ते पसरले आहे. पायथ्याला देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे आजोळ आणि जन्मगाव. जवळच जुन्या देवळांचा समूह. मोठे महादेवाचे देऊळ आणि भोवती लहान लहान देवळे. आसपासचा इतिहासही असा की माणसाने या कोरड्या टापूत काहीतरी उभे करून दाखवावे, याची इथे जणू परंपराच आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या निवडुंगाच्या आणि सापांच्या माळावर कारखाना वसवला, ती किर्लोस्करवाडी इथून हाकेच्या अंतरावर. बेचाळीसनंतर प्रतिसरकारचा कारभार जिथून चालला ते कुंडलही तिथेच.

या डोंगरांवर बारमाही पाण्याचा थेंब नाही. १९७२च्या दुष्काळाने सारा टापू होरपळून काढलेला. अशा ठिकाणी मोहित्यांचे वडगाव इथल्या धों. म. मोहिते या माणसाने जंगल उभे करायचा ध्यास घेतला. झाडे लावली गेली, राखली गेली, हरणे आणून सोडली गेली, आणि १९८५ साली या १०.८७ चौरस किलोमीटरांना अभयारण्याचा दर्जा मिळाला. आपल्याकडची बाकीची अभयारण्ये आहे त्या रानाला नाव देऊन झाली. हे आधी माणसांनी केले आणि नाव मागून आले. सांबर, चितळ, काळवीट यांतले बहुतेक प्राणी बाहेरून आणलेले. हे सगळे एका शेतकरी पार्श्वभूमीच्या माणसाच्या हट्टातून झाले, याचा मला अभिमान वाटतो. शाळेच्या सहलीला मी तिथे प्रथम गेलो नाही, कारण माझ्या शाळेच्या वेळी ते नव्हतेच. मी माझ्या मुलाला घेऊन गेलो. त्याने आयुष्यातले पहिले सांबर तिथे पाहिले.

दहा चौरस किलोमीटरचा डोंगर नुसत्या पहारेकऱ्यांच्या बळावर राखता येत नाही. भोवतालच्या गावांनी गुरे आवरली, कुऱ्हाड आवरली, म्हणून रोपे जगली. हा गावांचा वाटा कुठल्या फलकावर लिहिलेला नसतो. सागरेश्वराची गोष्ट आपण एका माणसाची गोष्ट म्हणून सांगतो, ती सांगायला सोपी पडते म्हणून. ज्यांनी चराई सोडली त्यांची नावे लिहायची तर गावेच्या गावे लिहावी लागतील.

आणि मग दोन प्रश्न उरतात. पहिला रानाचा. सांबर हे दाट झाडीतले जनावर, काळवीट उघड्यावरचे. ताणून धावण्यात ज्याचा जीव, त्याला कुंपणातल्या झाडीत आणून ठेवले की त्याचे काय होते? आपण ‘रान’ म्हटले की झाडेच डोळ्यांपुढे आणतो, आणि झाडे आली म्हणजे हरणे आपोआप खूश असतील असे धरून चालतो. सागरेश्वर घडवणाऱ्यांना दोष देत नाही. सुबाभळीचे खड्डे काढणाऱ्याने तो द्यायचा अधिकार नाही. पण माळाचा डोंगर करताना काही गेले, याची नोंद व्हायला हवी.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. ताकारी उपसा योजनेने कृष्णेचे पाणी या टापूत आले आणि जिथे जोंधळा पिकत होता तिथे ऊस उभा राहिला, द्राक्षे आली. हरणांना कुंपणापलीकडे बाराही महिने हिरवे दिसू लागले. ती बाहेर पडतात, पिकात शिरतात, आणि ही भोवतालच्या गावांची वर्षानुवर्षांची तक्रार आहे. ज्या गावांनी चराई सोडून रान दिले त्यांच्याच बांधावर रान चालून आले. शाहूकाळातली राखण दरबाराची आणि नुकसान रयतेचे असा हिशेब मी वर मांडला. लोकशाहीत तो पुसला गेला, असे म्हणायला जीभ रेटत नाही.

तरीही सागरेश्वरात लोक होते. लोक नसले म्हणजे काय होते, ते सोलापूरजवळ नान्नजला दिसते.

नान्नजची सुरुवात फार चांगली होती, हे विसरले जाते. १९७०च्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून तिथल्या माळाचे काही तुकडे चराईपासून राखून गवत वाढवले गेले. मूळ हेतू चारा आणि मृदसंधारण. पण राखलेल्या गवतात माळढोक येऊन अंडी घालू लागला. पंधरा किलोपर्यंत भरणारा हा पक्षी, वर्षाला बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर. भोवती कोरडवाहू ज्वारी, हरभरा, करडई. त्यात त्याला किडे मिळत. म्हणजे थोडे राखलेले गवत आणि भोवती गरीब शेतकऱ्याची पावसावरची शेती, या दोन्हींच्या मेळावर तो जगत होता. डॉ. असद रहमानी आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात हे बारकाईने नोंदवून ठेवले आहे.

आणि १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. आकडा पुन्हा वाचावा. आमचा सगळा कोल्हापूर जिल्हा ७,६८५ चौरस किलोमीटरांचा आहे. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके, करमाळ्यासारखी गावे, बाजारपेठा, रस्ते, लाखो माणसे, सारे एका पक्ष्याच्या अभयारण्यात. प्रत्यक्ष गवत राखलेले होते ते त्यातले अगदी थोडे तुकडे. बाकी ठिकाणी माळढोकाला संरक्षण मिळाले नाही आणि माणसांना मात्र बंधन मिळाले. जमिनीची खरेदी-विक्री, बिगरशेती परवाना, रस्ता, कारखाना, कुठेही गेले की माळढोक आडवा. ज्या शेतकऱ्याच्या ज्वारीत पक्षी चरत होता त्याला त्याचे नाव नकोसे झाले. माझ्या ओळखीच्या सोलापूरकडच्या एका शिक्षकांनी सांगितले की त्यांच्या लहानपणी माळढोक दिसणे शुभ मानत. नंतर कोणाला दिसला तरी तो सांगत नसे.

याच काळात उजनीचे पाणी आले, ज्वारी जाऊन ऊस आला. गवताच्या तुकड्यांवर वृक्षारोपणही झाले. उघड्या रानाच्या पक्ष्यासाठी झाडे लावणे म्हणजे माशासाठी तळे बुजवणे. २०१२च्या सुमारास अभयारण्याचे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणले गेले. तोवर पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, आणि आता एखादा दिसला तर बातमी होते. मध्य प्रदेशातल्या करेराला १९८१ मध्ये असेच अभयारण्य झाले. तिथे संरक्षणाने काळविटे वाढली, पिके खाऊ लागली, लोक विरोधात गेले आणि माळढोक दहा-पंधरा वर्षांत संपला.

चित्त्याकडे परत येतो, कारण तो आता खरोखरच परत आला आहे. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत सोडले गेले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा. आमच्या कोल्हापुरात त्या आठवड्यात प्रत्येक वृत्तपत्राने शाहूकालीन चित्त्यांच्या आठवणी छापल्या. मी मात्र नामिबिया हा देश काय आहे ते वाचत बसलो.

तो आपल्या माणदेशाहून कितीतरी कोरडा देश आहे. १९८०च्या सुमारास तिथल्या वायव्य भागात दुष्काळ आणि शिकारचोरी यांनी जनावरे संपत आली होती. तेव्हा गार्थ ओवेन-स्मिथ यांनी एक साधी गोष्ट केली. गावच्या मुखियांनाच सांगितले की राखणदार तुम्ही नेमा. नेमले गेलेल्यांत पूर्वी शिकार करणारेही होते. पगार थोडा, बराचसा शिध्याच्या रूपात. त्यांच्या जोडीला मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट जेकबसन आल्या. देश स्वतंत्र झाल्यावर १९९६ मध्ये कायदा झाला: गावसमूहाने आपली हद्द ठरवावी, सभासद नोंदवावेत, समिती निवडावी, आणि त्या हद्दीतल्या वन्यप्राण्यांपासून येणारे उत्पन्न त्यांच्याकडेच राहावे. जमीन कुणाची काढून घेतली नाही, गुरे थांबवली नाहीत. आज अशी ऐंशीहून अधिक क्षेत्रे आहेत आणि त्यांनी देशाचा सुमारे पाचवा हिस्सा व्यापला आहे. सगळे सुरळीत आहे असे नाही. सिंह गुरे मारतात, हत्ती विहिरी आणि पाण्याच्या टाक्या फोडतात, पैशांवरून समित्यांत भांडणे होतात. पण भांडणे होतात ती आपल्या मालकीच्या गोष्टीवरून.

चित्ते त्या देशातून आले. त्यांच्याबरोबर ही व्यवस्था मात्र आली नाही. कुनोचे रान तर सिंहांसाठी म्हणून आधीच २४ गावे उठवून मोकळे केलेले होते. त्यांतले बरेचसे लोक सहरिया आदिवासी. शंभर वर्षांपूर्वी आमच्या संस्थानानेही आफ्रिकेतून चित्तेच तेवढे आणले होते. फरक एवढाच की त्या वेळी माळावरच्या माणसांना निदान चाकरीत घेतले होते.

आपल्याकडे कायदाच नाही असे मात्र कोणी म्हणू नये. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ मध्ये दुरुस्ती होऊन दोन नवे प्रकार आले: संवर्धन राखीव आणि सामुदायिक राखीव. पहिला सरकारी जमिनीवर, पण भोवतालच्या लोकांशी बोलून जाहीर करायचा आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी ठेवायचा. दुसरा लोकांच्या स्वतःच्या जमिनीवर, त्यांनीच पुढे येऊन केला तर. दोन्हींत लोकांचे हक्क संपत नाहीत. आटपाडीजवळचे डुबई कुरण अलीकडे असे संवर्धन राखीव झाले. जेमतेम साडेनऊ चौरस किलोमीटर. लांडगे आहेत, खोकडे आहेत. नाव ऐकून मी चकित झालो होतो, पण आनंद झाला तो दुसऱ्या शब्दाचा: कागदावर पुन्हा कुरण आले. पुणे जिल्ह्यात इंदापूरजवळ कडबनवाडीला गावकऱ्यांनी चिंकाऱ्यांचा माळ राखला, आणि आता वनखात्याने तिथे गवताळ रानाची सफारी सुरू करून गावातल्या पोरांना वाटाडे केले आहे.

डुबई कुरणाच्या कडेला मी दोन दिवस हिंडलो. हा व्यंकटेश माडगूळकरांचा मुलूख. ‘बनगरवाडी’ वाचलेल्याला इथली प्रत्येक टेकडी ओळखीची वाटते, आणि मेंढका भेटला की आपण त्याला कादंबरीतून ओळखतो असा उगाच भास होतो. मला भेटलेले गृहस्थ माझ्याच वयाचे. हातात मोबाईल, खांद्यावर घोंगडे. लांडग्याविषयी विचारले तर शांतपणे म्हणाले, “नेतोय की वर्साला दोन-चार. त्यो बी हितलाच हाय.” मग विचारले, कुरण राखीव झाल्याचे कळले का? कळले होते. समितीत धनगर कोणी आहे का? त्यावर ते हसले. “समिती ग्रामपंचायतीची. आमी गावात असतोय किती म्हयनं, सायेब?”

हा प्रश्न मला कुठल्याच कागदात सापडला नव्हता. ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी म्हणजे गावात घर असलेला. माळ सर्वांत जास्त वापरणारा माणूस दिवाळी सरली की बकरी घेऊन बाहेर पडतो, कोणाच्या शेतात खताला बकरी बसवत दूरवर जातो, आणि पावसाच्या तोंडावर परततो. माळाला जो ऋतू, तोच त्याला. गवत पिकते तेव्हा तो असतो, वाळून संपते तेव्हा तो गेलेला असतो. नामिबियातही फिरस्त्या पशुपालकांचा प्रश्न सोपा नव्हता, पण तिथे सभासद नोंदवताना निदान तो विचारला गेला. आपल्या नियमांत ‘स्थानिक’ या शब्दाला चार भिंती आहेत.

परत आल्यावर मी माझ्या टिपणांतला ‘लोकसहभाग’ हा शब्द जिथे जिथे होता तिथे खूण करत गेलो, आणि कोण लोक, असा प्रश्न बाजूला लिहिला. बऱ्याच ठिकाणी मला उत्तर देता आले नाही. सागरेश्वरची चराई सोडणाऱ्यांत बकरीवाले किती होते? नान्नजच्या राखलेल्या तुकड्यांत आधी कोणाचे कळप बसत?

यंदा दिवाळीच्या आधी पट्टणकोडोलीच्या यात्रेला गेलो होतो. विठ्ठल-बिरदेवाची ही यात्रा कोल्हापूरकरांना नवी नाही. भंडाऱ्याने सगळा आसमंत पिवळा झालेला, लोकर आणि खोबरे उधळले जात होते, ढोलांच्या आवाजात बोललेले ऐकू येत नव्हते. महाराष्ट्र, कर्नाटकातून बकरीवाले आलेले. फरांडेबाबांनी हेडाम खेळत भाकणूक केली आणि लोक पावसाचे काय होणार ते कानात प्राण आणून ऐकत होते. मी गर्दीच्या कडेला एका राहुटीपाशी टेकलो होतो. तिथे चार-पाच जण, सगळे वेगवेगळ्या तालुक्यांतले, घोंगड्यावर बोटाने रेघा मारत बसले होते. मला वाटले सोंगट्यांचा खेळ आहे. जवळ जाऊन पाहिले तर ते एकमेकांना वाटा सांगत होते: कुठल्या माळाला यंदा कुंपण पडले, कुठे सोलरच्या पाट्या आल्या, कुठल्या गायरानात अजून पवन्या आहे, कुठला पाटील बकरी बसवू देतो. कुठे लांडग्याची पिले आहेत, तिथून थोडे लांबून जा, हेही त्यात होते. मी खिशातून वही काढली, तेव्हा त्यांतला म्हातारा म्हणाला, “लिव्हू नगा पाव्हणं, म्होरल्या वर्साला बदलतंय.”

मी वही परत ठेवली, आणि बसून ऐकत राहिलो.